वीतभर कमी

धर्मेंद्रने पहिला पत्रा शिडीवरून वर चढवला, घराच्या भिंतीकडे रेटला आणि तो भिंतीपासून वीतभर अलीकडेच थांबला. त्याने आणखी रेटला. तेव्हा पत्र्याचं दुसरं टोक समोरच्या कुंपणभिंतीवर बसवलेल्या पाइपावरून निसटायला लागलं. घाईघाईने त्याने पत्रा मागे ओढला आणि शिडीवर उभ्या उभ्याच खाली पाहिलं.

खाली सत्यभामा दोन्ही हात वर करून उभी होती. पत्रा पडलाच तर झेलायचा, असा तिचा विचार होता. पंधरा फुटांचा पत्रा पन्नाशीतल्या किडकिडीत बाईने कसा झेलला असता हे तिचं तिलाच ठाऊक, पण त्या दिवशी ती काहीही झेलायला तयार होती.

"काकू, कमी पडून राहिला ना."

"काय कमी पडून राहिलं?"

"पत्रा. भिंतीले लागतच नाही."

"रेट ना थोडा."

"रेटूनच राहिलो. ॲल्युमिनियम हाये काकू, रबर थोडी हाये."

तिने हात खाली घेतले नाहीत. "दुसरा लावून पाय," ती म्हणाली.

धर्मेंद्रने दुसरा लावून पाहिला, मग तिसरा. सगळे पत्रे दुकानातल्या मशीनवर एकाच मापात कापलेले, त्यामुळे सगळे अगदी इमानदारीने सारखेच कमी पडले. भिंतीच्या कडेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आभाळाची एक पट्टी उघडी राहिली. नेमकी घराच्या दारावर.

मोहाडीच्या कोष्टीपुऱ्यातली ती पोळ्याची दुपार होती. रस्त्यावरून सजवलेले बैल तोरणाकडे निघाले होते, त्यांच्या घुंगरांचा आवाज गल्लीत येत होता. उद्या सकाळी अकराला भंडाऱ्याच्या दवाखान्यातून तिच्या नवऱ्याला, टिकारामला, सुट्टी मिळणार होती. अकराला तिथून निघालेली गाडी बाराच्या आत या अंगणासमोर उभी राहणार, आणि त्या गाडीत टिकारामसोबत केशवरावही असणार.

केशवराव म्हणजे टिकारामचे थोरले भाऊ, सत्यभामेचे भासरे. पंचायत समितीतून निवृत्त झालेला, शहापूरला हायवेलगत घर बांधून राहणारा, शिस्तीचा माणूस. दीड महिन्यापूर्वी टिकाराम मागावर विणता विणता उजवीकडे कलंडला. धोटा खाली पडला असेल, तो उचलायला वाकले असतील, असं सत्यभामेला वाटलं आणि ती मागच्या खोलीत भाकरी थापत राहिली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तेव्हापासून केशवराव रोज शहापूरहून भंडाऱ्याला खेपा घालत होते. स्वतःच्या छातीत दोन स्टेंट असताना. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर सत्यभामेला भांडायला सोपं गेलं असतं.

आठ दिवसांपूर्वी दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी विषय काढला होता. नागपूरच्या अलीकडे एक सेवाश्रम आहे, अशा रोग्यांची सोय करतात, एक पलंग रिकामा आहे. सत्यभामा डोक्यावर पदर घेऊन, खालच्या फरशीकडे पाहत ऐकत होती. भासऱ्याच्या तोंडाकडे पाहून ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

"मी त्यायले घरी नेतो," ती म्हणाली.

"घरी कुठं ठेवशील? मागावर?"

तिने पदर आणखी पुढे ओढला.

"दोन खोल्या तुमच्या. पुढच्या खोलीत माग, मागं चूल. त्याले दर दोन घंट्यानं कुशीवर करा लागते. पलंगाच्या चारी बाजूनं माणूस फिरला पाहिजे. माग काढ. खड्डा बुजवून फरशी टाक. मंग बोल."

"माग नाई काढत, भाऊजी."

"काहून?"

कोष्ट्याचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर उभा असतो, विणणारा त्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. त्यांच्या आळीत गेल्या दहा वर्षांत अकरा खड्डे बुजले होते, आणि प्रत्येक घरातून आधी माणूस गेला होता, मग खड्डा बुजला होता. टिकारामच्या मागावर एक साडी अर्धी होती. तो घरी आला आणि त्याला सपाट फरशी दिसली तर तो काय समजेल? हे तिने सांगितलं असतं तर केशवराव एवढंच म्हणाले असते की तो काहीच समजणार नाही. आणि तसं ते म्हणालेच.

"त्याले समजत असतं तर गोष्ट निराळी होती, सत्यभामा. मी त्याचा मोठा भाऊ हाये. रोज त्याच्या तोंडासमोर उभा राहतो. तो माह्याकडे अन् पंख्याकडे सारखाच पाहाते. आता तो कुठंही राहिला तरी त्याले एकच हाये. तुले मात्र नाही. तू एकटी, पोटी लेकरू नाही, किती दिवस करशील?"

हे खोटं नव्हतं, म्हणूनच तिला ते सहन झालं नाही. टिकारामच्या नजरेच्या वाटेत तीही रोज वाकून उभी राहायची. "मी आलो ना, सत्यभामा," असं सांगायची. त्याचे डोळे तिच्यावरून पुढे जायचे, उघड्या दारातून कोणी निघून जावं तसे. तो गेला असता तर काय करायचं ते तिला कळलं असतं, चार बायका आल्या असत्या, त्यांनी सांगितलं असतं. हे काय आहे आणि याचं काय करायचं, ते सांगणारं कोणी नव्हतं. डॉक्टरांनाही त्याला किती कळतं ते सांगता येत नव्हतं.

शेवटी केशवरावच म्हणाले होते, "ठीक हाये. मले जागा दाखव. कोरडी, हवेशीर, पलंग मावन अशी. सुट्टीच्या दिवशी मी सोबत येतो. जागा दिसली तर त्याले तिथं उतरवू. नाही दिसली तर गाडी तशीच नागपूरले जाईन. मंग बोलायचं नाही."

म्हणून हे अंगण, आणि म्हणून हे पत्रे. अंगणावर छत आलं की पलंग दारासमोर, माग आत, आणि ती दोघांच्या मध्ये, असा तिने हिशेब मांडला होता. कुंपणाची भिंत अर्ध्या विटेची, तिला लोखंडी पत्र्यांचा भार झेपला नसता. ॲल्युमिनियम हलकं, असं धर्मेंद्रनेच सांगितलं होतं. तो वरठीचा. आधी तिथल्या कारखान्यात ठेक्यावर कामाला होता, आता स्वतः शेड आणि खिडक्यांची कामं घ्यायचा.

शिडीवरून उतरून त्याने खिशातला टेप काढला. एक टोक सत्यभामेला भिंतीशी धरायला लावलं आणि तो टेप उलगडत समोरच्या पाइपापर्यंत गेला.

"पंधरा फूट साडेसात इंच," तो म्हणाला. "तुमी मले फोनवर पंधरा सांगतले."

"पंधराच हाये."

"हे पाहा ना काकू. टेप काय खोटं बोलते?"

"म्या दोनदा मोजलं. पाच काठ्या भरल्या. काठी तीन फुटाची."

तिने माप घेतलं त्या दिवशी धर्मेंद्र सिहोऱ्याला एका राइस मिलच्या कामावर होता. त्याला माप घ्यायला यायला चार दिवस लागले असते, आणि चार दिवस तिच्याजवळ नव्हते. "माप तुमीच सांगा काकू, मी पत्रे कापून आनतो," तो म्हणाला, आणि "पक्कं हाये ना?" असंही त्याने विचारलं होतं. त्यावर ती जरा तोऱ्यातच बोलली होती, की तीस वर्षं साड्या मोजून राहिलो, माह्या मापात कधी बोटाचा फरक निघाला नाही.

"काठी आना बरं," धर्मेंद्र म्हणाला.

ती आत गेली. मागाच्या शेजारी खुंटीला अडकवलेली सागाची काठी घेऊन आली. सासऱ्याच्या हातची, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. धर्मेंद्रने ती ओट्यावर आडवी ठेवली आणि टेप लावला.

"तीन फूट दीड इंच."

सत्यभामेने टेप त्याच्या हातातून घेतला. स्वतः लावून पाहिला. मग ती तिथेच ओट्यावर बसली.

तिला माहीत होतं. एवढंच नाही, लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्याने तिला सगळ्यांत आधी शिकवलेली गोष्ट हीच होती. मागावर कापड ताणलेलं असतं, खाली उतरलं की आकसतं. म्हणून कोष्ट्याच्या काठीला हाताहाताला वाढीव सूट दिलेली असते. मागावर काठीने पुरेपूर मोजायचं, म्हणजे व्यापाऱ्याच्या टेबलावर साडी नेमकी भरते. ती काठी कापडासाठी खरी. अंगणासाठी खोटी.

"म्हंजे कपडा आकसते म्हनून काठी मोठी?" ऐकून घेतल्यावर धर्मेंद्र म्हणाला. त्याला हसू आवरेना. "काकू, पन अंगण कुठं आकसते?"

कुंपणापलीकडून कुंताबाईने मान वर केली. ती शेजारीण, तिच्याही घरी दोन वर्षांपूर्वीपर्यंत माग होता.

"काय झालं व?"

"काकूनं छप्पर मागावरच्या काठीनं मोजलं," धर्मेंद्रने सांगून टाकलं.

"अव माय," कुंताबाई म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. "अख्ख्या कोष्टीपुऱ्यात तूच सापडली व असं करनारी. आता छपराले काठ-पदर बी लावून घे."

मग तिचं लक्ष सत्यभामेच्या चेहऱ्याकडे गेलं आणि ती हसायची थांबली.

"पट्टी लागन काकू, काही मोठं काम नाही," धर्मेंद्र समजुतीच्या सुरात म्हणाला. "नऊ इंचाची पट्टी कापून आनतो अन् मारून देतो. झालं."

"कवा?"

"दुकान उघडलं का."

त्याने दुकानदाराला फोन लावला. पोळ्यामुळे दुकान बंद, दुकानदार आपल्या गावी, उद्या तान्हा पोळा म्हणून उद्याही बंद. परवा दहाला उघडेल. त्याने तुमसरला लावला. तिथे कोणी उचललाच नाही.

"परवा," तो म्हणाला.

"उद्या बारा वाजता भाऊजी येऊन राहिले, धर्मेंद्र."

"समजलं मले, काकू. पन पत्रा मी घरून विनून तर नाही आनू शकत."

"पत्रे भिंतीले भिडव ना. समोर कमी पडू दे."

"समोरच्या पाइपावर टेकलाच नाही तर स्क्रू कायले मारू? पहिल्या वाऱ्यात उडून जाईन."

"मंग समोरचे पाइप काढून इकडं घे."

"मिस्त्रीनं शिमिटात बसवले हायेत. काढाले गेलो तर भिंत येईन खाली."

तिने त्याच्याकडे पाहिलं, वर पाहिलं, आणि घरामागे गेली. न्हाणीवर एक जुना टिनाचा पत्रा होता, तो तिने खेचून काढला आणि ओढत ओढत अंगणात आणला. धर्मेंद्रने तो उचलायला धरला तेव्हा गंजलेली कड त्याच्या हातात बिस्किटासारखी चुरली. मग ती कुंताबाईच्या घरी जाऊन आली, मग गल्लीतल्या आणखी दोन घरी. पोळ्याच्या दिवशी लोक बैल ओवाळत होते आणि ही बाई दारोदार नऊ इंच पत्रा मागत फिरत होती. कोणी हसलं नाही. कोणाकडे तो नव्हताही.

शेवटी ताडपत्री निघाली. धर्मेंद्रने सगळे पत्रे समोरच्या आणि घराकडच्या आडव्या पाइपाला पक्के आवळले, मग ताडपत्रीची एक कड पत्र्यांखाली दाबली आणि दुसरी कड घराच्या स्लॅबवर विटा ठेवून धरली. काम होईपर्यंत दिवस मावळायला आला होता. त्याच्या घरी पुरणाचा स्वयंपाक वाट पाहत होता, दोन वेळा फोन येऊन गेला होता, पण तो एका शब्दाने तसं बोलला नाही.

"उद्या मी सकाळी येतो," मोटरसायकलला किक मारत तो म्हणाला. "तुमचे भाऊजी आले का मीच समजावतो त्यायले. टेन्शन नका घेऊ."

सत्यभामेने भाड्याने आणलेला लोखंडी पलंग छताखाली ओढला, डोक्याची बाजू भिंतीकडे केली. त्यावर गादी घातली, धुतलेली चादर पसरली आणि चारही बाजूंनी फिरून पाहिलं. फिरता येत होतं. टिकाराम तिथे झोपला आहे असं समजून ती दोनदा फिरली.

पाऊस पहाटे आला. मोठा नव्हता, पण नेटाने पडत होता. सत्यभामा दार उघडून बाहेर आली तेव्हा पत्र्यांवरून पाणी शिस्तीत समोरच्या नालीत जात होतं, आणि भिंतीजवळची ताडपत्री म्हशीच्या कासेसारखी भरून खाली लोंबली होती. तिने झाडूच्या दांड्याने ती खालून हळूच उचलून धरली, पाणी पुढे पत्र्यावर ढकलावं म्हणून. पाणी जरासं हललं. मग वरची एक वीट सरकली, तिच्या मागे दुसरी, आणि सगळं एकदम खाली आलं. विटा पलंगाच्या उशाशी आपटल्या. पाणी थेट गादीवर पडलं.

ती तिथेच उभी राहून रडली. मोठ्याने, तोंडावर पदर न घेता, लहान पोरीसारखी. कुंताबाई पलीकडून धावत आली, तिने गादीचं एक टोक धरलं आणि दोघींनी मिळून ती आत नेऊन मागाला टेकून उभी केली. गादीतून पाणी गळून मागाच्या खड्ड्यात जाऊ लागलं.

"माह्या घरची गादी आनतो," कुंताबाई म्हणाली. "तू रडू नको व. डोये पुस."

कुंताबाई गेली. सत्यभामा मागापाशी उभी राहिली. आठ वाजून गेले असतील. पुढच्या चार तासांत ती काय करू शकत होती, तर एकच गोष्ट. माग काढायला घेतलेला दिसला, तर भाऊजी निदान थांबतील. एक दिवस, दोन दिवस. गल्लीतली चार माणसं बोलावून मागाच्या लाकडी चौकटी सोडवता येतील, खड्ड्यात मुरूम टाकता येईल. माणूस घरी येईल. मग त्याला काय दिसायचं ते दिसो.

कोनाड्यातली कात्री तिने घेतली. मागावरचे ताणलेले उभे धागे डाव्या मुठीत धरले आणि कापले. मूठभर धागे सुटून लोंबले. तीस वर्षांत तिने मागावरचा एकही धागा कापला नव्हता, तुटलेला सांधला होता. दुसरी मूठ तिला धरताच येईना. "माह्यानं होत नाही," ती मागालाच म्हणाली, आणि कात्री हातात तशीच ठेवून खाली बसली. कुंताबाई गादी घेऊन आली तेव्हाही ती तशीच बसलेली होती. कुंताबाईने धाग्यांकडे पाहिलं, तिच्या हातातून कात्री काढून घेतली आणि बाहेर जाऊन पलंगावर गादी घातली.

धर्मेंद्र अकराच्या आधीच आला. गाडी आली पावणेबाराला. केशवराव पुढच्या सीटवरून उतरले, दवाखान्याचा मदतनीस चंदन मागून उतरला आणि दार उघडायला लागला.

"थांब," केशवराव त्याला म्हणाले. "आधी मी पाहून येतो."

ते चपला काढून अंगणात आले. पाऊस थांबला होता, पण स्लॅबवरून भिंतीवाटे पाणी अजून ठिबकत होतं. त्यांनी पाइप हलवून पाहिला. पलंग हलवून पाहिला. पायाखालची जमीन पाहिली, ती पलंगाच्या डोक्याकडे ओली होती. मग मान वर केली.

"हे काय?"

"परवा पट्टी लागते साहेब," धर्मेंद्र पुढे झाला. "दुकान बंद हाये पोळ्याचं. थोडं माप चुकलं होतं."

"परवा."

"हो. परवा दहाला दुकान उघडलं का अकराला मी इथं."

केशवराव बराच वेळ त्या फटीकडे पाहत राहिले. मग सत्यभामेकडे वळले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट थकलेला होता.

"सत्यभामा, तू जीव तोडून केलं, मले दिसते. पन आज पत्रा कमी पडला, उद्या आनखी काही पडन. मी किती दिवस धावीन? तिथं चोवीस घंटे मानूस राहाते. त्याले तिथंच नेऊ."

ती पदर सावरून खाली पाहत होती.

"एक डाव उतरवा त्यायले. घर तरी पाहू द्या."

"पाहाले समजलं पाहिजे ना."

"नसन समजत. तरी उतरवा. मंग न्या. मी आडवी नाई येत."

केशवरावांनी घड्याळ पाहिलं. चालकाला चहा हवा होता, कुंताबाईने चहा ठेवलाही होता. "पाच मिनिटं," ते म्हणाले.

चंदन आणि धर्मेंद्रने स्ट्रेचर आणलं आणि टिकारामला पलंगावर घेतलं. दीड महिन्यात तो अर्धा झाला होता. दाढी कोणीतरी उलटसुलट केलेली, उजवा हात अंगावर ठेवलेला, कोणा दुसऱ्याचा असावा तसा. सत्यभामेने त्याच्या डोक्याखाली उशी सारली, ती वाकून त्याच्या नजरेच्या वाटेत आली आणि म्हणाली, "घर आलं. आपलं घर आलं ना." त्याचे डोळे तिच्यावरून पुढे गेले. तिने मागे पाहिलं नाही. केशवराव पाहत आहेत हे तिला ठाऊक होतं.

चंदन चहा प्यायला ओट्यावर टेकला. वरून एक थेंब टिकारामच्या कपाळावर पडला. तिने पदराने पटकन पुसला. दुसरा पडला, तोही पुसला. तिसरा पुसायला ती वाकली तेव्हा तिला दिसलं की त्याचे डोळे थांबले आहेत.

ते फटीवर थांबले होते. तिथून हळूहळू पत्र्याच्या कडेने पुढे सरकले, समोरच्या पाइपापर्यंत गेले, तिथे जरा थांबले, आणि तसेच त्याच रेषेने परत भिंतीपाशी आले. मग पुन्हा गेले, पुन्हा आले. त्याच्या कपाळाला आठी पडली. तोंड डावीकडे ओढलं गेलं, ओठ हलले, घशातून घरघर आली.

"काय होऊन राहिलं त्याले?" केशवराव घाईने जवळ आले. "चंदन, पाहा बरं."

चंदन पेला ठेवून उठला. पण टिकारामने डावा हात गादीवरून उचलला होता आणि एक बोट वर केलं होतं. बोट थरथरत होतं, तरी ते कुठे दाखवत होतं याबद्दल शंका नव्हती.

"को..." तो म्हणाला. थांबला. थुंकी गिळली. "कोनं मोजलं?"

शब्द जड होते, ओले होते, पण दोन्ही जागच्या जागी होते आणि त्यांत राग होता. शिडीजवळ उभ्या असलेल्या धर्मेंद्रने न कळत मान हलवली, आपण नाही म्हणून. कुंताबाई कुंपणापलीकडे तशीच उभी राहिली.

सत्यभामेच्या डोक्यावरचा पदर खाली आला होता. भासरे समोर होते, तरी तिने तो वर घेतला नाही.

"म्या," ती म्हणाली. "म्या मोजलं."

टिकारामने डोळे पत्र्यावरून काढले आणि तिच्यावर आणले. या वेळी ते पुढे गेले नाहीत. एखाद्या नवख्या माणसाने काम बिघडवावं आणि त्याला काय बोलावं ते सुचू नये, तसा तो तिच्याकडे पाहत राहिला. ती खाली वाकली नाही, त्याचा हात धरला नाही, रडलीही नाही. चूक सापडलेल्या माणसासारखी ती नुसती त्याच्यासमोर उभी राहिली.

केशवराव पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी भावाकडे पाहिलं, मग तोंड फिरवून ते फाटकाबाहेर गेले. गाडीचं मागचं दार त्यांनी स्वतः उघडलं, आतून टिकारामची पिशवी, औषधांचा डबा आणि दवाखान्याची फाइल काढली, आणि एक एक करून ओट्यावर आणून ठेवली.